गावाची ना हरकत : गांजाचं दुकान कुठे उघडायचं, हे नक्की कोण ठरवतं?

२०२१ च्या जुलैमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावच्या टाउन कौन्सिलच्या सभेला गेले. न्यू जर्सीत येऊन सोळा वर्षं झाली होती, मुलं इथल्याच शाळेत शिकली, पण टाउन हॉलची पायरी कुत्र्याचा परवाना काढण्यापलीकडे कधी चढले नव्हते. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : ‘आपल्या गावात गांजाचं दुकान येतंय. मंगळवारी सगळ्यांनी या.’

कोविडमुळे निम्मी माणसं सभागृहात होती, निम्मी झूमवर. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. माइकशेजारी एक छोटा दिवा होता, वेळ संपत आली की पिवळा आणि संपली की लाल व्हायचा. शेजारच्या काकू माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, “अगं, हे तर गेल्या नोव्हेंबरात मतदानात पास झालं ना? मग आता परत कसली चर्चा?”

काकूंचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी ते ऑर्डिनन्स, म्हणजे गावापुरता कायदा, वाचायला घेतलं. त्यानंतर गेली काही वर्षं मी या विषयाच्या मागेच आहे. अमेरिकेत गांजा ‘कायदेशीर झाला’ असं आपण सहज म्हणतो, पण तो कायदेशीर होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे राजधानीपेक्षा आपल्या कोपऱ्यावरच्या टाउन हॉलमध्ये जास्त कळतं.

तीन मजल्यांचा कायदा

हा कायदा तीन मजली घरासारखा आहे, आणि तिन्ही मजल्यांवर वेगवेगळे भाडेकरू राहतात.

सगळ्यात वर केंद्र सरकार. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीत, अमली पदार्थांच्या सगळ्यात कडक, पहिल्या यादीत बसवलं. राज्यांनी परवाने वाटले म्हणून तो कायदा रद्द होत नाही. मधल्या मजल्यावर राज्य. न्यू जर्सीत ३ नोव्हेंबर २०२० ला घटनादुरुस्तीवर मतदान झालं, ६७ टक्के लोकांनी हो म्हटलं, आणि २२ फेब्रुवारी २०२१ ला गव्हर्नर फिल मर्फी यांनी सविस्तर कायद्यावर सही केली. वय २१ पूर्ण, एका खरेदीत जास्तीत जास्त एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. घरी रोप लावायला मात्र परवानगी नाही. परवाने देण्यासाठी राज्याने कॅनाबिस रेग्युलेटरी कमिशन नेमलं. परवान्यांचे सहा वर्ग आहेत : लागवड, प्रक्रिया, घाऊक विक्री, वाहतूक, किरकोळ दुकान आणि घरपोच सेवा.

तळमजल्यावर गाव, आणि घरात शिरायचं दार तळमजल्यालाच असतं. राज्याने मतदारांचा कौल घेऊन गांजाचा व्यापार खुला केला, पण त्याच कायद्यात प्रत्येक गावाला, शहराला, टाउनशिपला सांगितलं की तुमच्या हद्दीत दुकान नको असेल तर तसा ऑर्डिनन्स करा. दुकान हवं असेल तर किती, कुठे, किती वाजेपर्यंत, तेही तुम्हीच ठरवा.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायला नको. दारूचा परवाना देतो राज्य उत्पादन शुल्क विभाग, पण गावातल्या बायकांनी निवेदन देऊन मतदान मागितलं की मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं येतात. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पुरेशी मतं आडवीला पडली की राज्याचा परवाना असूनही त्या गावात शटर खाली येतं. काकूंना मी हेच उदाहरण दिलं. त्या मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, त्यामुळे त्यांना लगेच उमगलं. “म्हणजे इथे बाटली आडवी करायचा अधिकार कौन्सिलला आहे,” त्या म्हणाल्या. तंतोतंत. फरक एवढाच, की न्यू जर्सीत मत देतात निवडून आलेले कौन्सिल सदस्य, गावकरी थेट नाही. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात कौन्सिलने ‘नको’ म्हटलं तर गावकऱ्यांना सह्या गोळा करून त्यावर सार्वमत मागता येत होतं.

हो म्हणणारे मतदार, नको म्हणणारी गावं

२१ ऑगस्ट २०२१ ही गावांसाठी मुदत होती. त्या दिवसापर्यंत राज्यातल्या ५६५ पैकी सुमारे ४०० गावांनी ‘नको’चा ऑर्डिनन्स केला होता. राज्यात ६७ टक्के मतदार ‘हो’ म्हणतात आणि जवळपास ७० टक्के गावं ‘नको’ म्हणतात, हे कोडं कसं सोडवायचं? त्या वेळी वर्तमानपत्रांत ढोंगीपणाचे आरोप झाले. मला ते पटलं नाही, कारण आमच्या सभेत गावच्या वकिलाने दिलेला सल्ला मी कानांनी ऐकला होता.

त्याचं म्हणणं साधं होतं. मुदतीत काहीच केलं नाही, तर कायद्याने गावाचा होकार धरला जातो आणि तो पाच वर्षं मागे घेता येत नाही. लागवड, प्रक्रिया आणि घाऊक व्यवसाय औद्योगिक भागात आपोआप मान्य ठरतात आणि दुकान व्यापारी भागात अटींसह येऊ शकतं. ‘नको’ म्हटलं तर ते कधीही, अगदी पुढच्या महिन्यातसुद्धा, बदलता येतं. म्हणजे दार बंद केलं तर उघडता येतं, उघडं राहिलं तर पाच वर्षं बंद करता येत नाही. राज्याची नियमावलीही तोवर तयार नव्हती. अशा वेळी कुठलाही सावध माणूस आधी कडी घालेल. त्या ४०० गावांतल्या अनेकांचा ‘नको’ हा खरं तर ‘थांबा, बघू’ होता, आणि नंतर त्यातल्या काहींनी ऑर्डिनन्स बदललेही.

कायदा लिहिताना गप्प राहण्याचा अर्थ काय धरायचा, या एका वाक्याने अख्ख्या राज्याचा नकाशा ठरतो. न्यूयॉर्कने ही गाठ आणखी घट्ट बांधली. तिथे ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ज्या गावाने नकार दिला नाही, त्याला पुन्हा कधीच नकार देता येत नाही. नकार दिलेलं गाव मात्र केव्हाही हो म्हणू शकतं. कॅनडात ओंटारियो प्रांतानेही गावांना फक्त हो की नको एवढंच विचारलं, तारीख होती २२ जानेवारी २०१९. पण हो म्हटल्यावर दुकान कुठे असावं हे ठरवायचा हक्क गावाला दिलाच नाही. शाळेपासून १५० मीटर हे अंतर प्रांताने ठरवलं, बाकी बाजारावर सोडलं. टोरंटोत क्वीन स्ट्रीट वेस्टवर दुकानाला लागून दुकान दिसायचं, त्याचं मूळ इथे आहे. मिसिसागाने आधी नको म्हटलं आणि २०२३ मध्ये मत बदललं. तिथे आपली बरीच माणसं आहेत, त्यांना ती सगळी चर्चा आठवत असेल.

नकाशावरची वर्तुळं

आता ‘हो’ म्हणणाऱ्या गावाकडे वळू. हो म्हटल्यानंतर खरं काम सुरू होतं, आणि ते झोनिंगच्या, म्हणजे गावाच्या कुठल्या भागात काय चालेल हे ठरवणाऱ्या, कलमांत असतं. सभेला आलेले बहुतेक लोक गांजा चांगला की वाईट यावर भांडत होते. ऑर्डिनन्सच्या सहाव्या पानावर काय लिहिलंय हे फारच थोड्यांनी वाचलं होतं. मीही नव्हतंच वाचलं.

आमच्या ऑर्डिनन्सच्या मसुद्यात लिहिलं होतं : शाळेपासून १००० फुटांच्या आत दुकान नको. हा आकडा अमेरिकेत सगळीकडे भेटतो, कारण शाळेपासून १००० फुटांच्या आत अमली पदार्थ विकला तर वाढीव शिक्षा, असा जुना केंद्रीय कायदा आहे. ऐकायला १००० फूट काही फार वाटत नाही, चार मिनिटांची चाल. पण कागदावर वर्तुळ काढून बघा. १००० फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ७२ एकर. एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. म्हणजे अशी नऊ वर्तुळं एकमेकांना न छेदता मांडली, तर एक चौरस मैल संपला. न्यू जर्सीत एक-दोन चौरस मैलांची गावं पुष्कळ आहेत. शाळांबरोबर पाळणाघरं, बागा, चर्च, मंदिरं, वाचनालय यांचीही वर्तुळं काढली, की नकाशावर मोकळी जागा राहते ती फक्त हायवेच्या कडेला, नाही तर राहतच नाही. ज्या गावात जागाच उरत नाही, ते गाव कागदोपत्री हो म्हणतं आणि प्रत्यक्षात बंदी घालतं. ही पळवाट मला आवडत नाही. बंदी घालायची असेल तर तसं सांगून घालावी, म्हणजे निदान अर्ज करणाऱ्याचे पैसे वाचतील.

आमच्या गावी प्लॅनिंग बोर्डाच्या भिंतीवर असा नकाशा लावला होता. दोन प्राथमिक शाळा, एक मिडल स्कूल, एक हायस्कूल, पाळणाघरांचे निळे ठिपके. त्यावर पेन्सिलीने काढलेली वर्तुळं पावसाच्या थेंबांसारखी एकमेकांत मिसळली होती. दुसऱ्या सभेत मी हिंमत करून माइकपाशी गेले आणि एकच विचारलं : हे १००० फूट मोजायचे कुठून? शाळेच्या दारापासून, इमारतीपासून, की मैदानाच्या कुंपणापासून? आमच्या हायस्कूलचं मैदान एवढं मोठं आहे की त्या एका शब्दाने रेषा तीन-चारशे फूट सरकत होती. वकिलाने पानं चाळली. मसुद्यात ते लिहिलेलंच नव्हतं. माझा दिवा अजून हिरवाच होता. पुढच्या मसुद्यात ‘मिळकतीच्या हद्दीपासून हद्दीपर्यंत’ असे शब्द आले. इतकी वर्षं या देशात मतदार म्हणून राहते आहे, पण माझ्यामुळे कुठे काही बदललं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

इथे एक पद्धत सांगायला हवी. न्यू जर्सीत ऑर्डिनन्स एका बैठकीत मंजूर होत नाही. पहिल्या वाचनात तो फक्त मांडला जातो. मग तो जाहीर करावा लागतो, आणि किमान १० दिवसांनंतर दुसरं वाचन आणि जनसुनावणी होते. ऑर्डिनन्सवर लोकांचं म्हणणं अधिकृतपणे ऐकून घेतलं जातं ते त्या दुसऱ्या वाचनाला. आमचे बरेच शेजारी पहिल्या वाचनाला येऊन, तावातावाने घरी गेले आणि दुसऱ्याला आलेच नाहीत.

काही गोष्टी मात्र गावाच्या हातात नाहीत. ‘नको’ म्हटलेल्या गावातसुद्धा राज्याचा परवाना असलेली घरपोच सेवा थांबवता येत नाही. किराणा दुकानात किंवा दारूच्या दुकानात गांजा विकायला राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर तो दिसेल ही भीती अनाठायी. प्रत्येक रोपाला चिप असलेला बिल्ला लागतो आणि ते रोप बी पासून पाकिटापर्यंत कुठे गेलं हे राज्याच्या संगणकावर दिसतं. हे सगळं राज्य बघतं, गावाला त्यात पडावं लागत नाही.

ना हरकत पत्राची किंमत

आता सगळ्यात नाजूक भागाकडे येऊ. गावाने ठरवलं की आमच्याकडे फक्त दोन दुकानं. अर्ज आले समजा बारा. दोन कोणते, हे कोण निवडणार आणि कशाच्या आधारावर?

न्यू जर्सीत राज्याकडून पूर्ण वार्षिक परवाना मिळवायचा, तर गावाचा पाठिंबा असल्याचा कौन्सिलचा ठराव जोडावा लागतो. आपल्या भाषेत, ना हरकत. तो कागद नसेल तर बाकी सगळी तयारी वाया. लहान माणसाला सोपं जावं म्हणून राज्याने सशर्त परवाना काढला : उत्पन्नाची मर्यादा, कमी कागदपत्रं, आधी जागा दाखवायची गरज नाही. पण तो मिळाल्यावर जागा आणि गावाचा ठराव आणायला सुरुवातीला १२० दिवस दिले होते, वर ४५ दिवसांची वाढ. टाउन हॉलचा अनुभव असलेला कुणीही सांगेल की १६५ दिवसांत प्लॅनिंग बोर्डाची तारीखसुद्धा मिळणं मुश्किल.

आमच्या ओळखीतला एक मुलगा, इथेच जन्मलेला, या वाटेने गेला. शेजारच्या एका गावात त्याने हायवेवर गाळा बघितला. मालक म्हणाला, रोखून धरायचा असेल तर आजपासून भाडं सुरू. कौन्सिलने विषय तीनदा पुढे ढकलला. एकदा सदस्य कमी होते, एकदा वाहतुकीचा अहवाल मागवला, एकदा निवडणूक आली. चौदा महिने तो बंद गाळ्याचं भाडं भरत राहिला, आणि शेवटी ठराव दुसऱ्या कुणाला मिळाला. का मिळाला, कुणाला किती गुण पडले, याचा एकही कागद त्याला बघायला मिळाला नाही. त्या कौन्सिलने काही गैर केलं असं मी म्हणत नाही, मला ते ठाऊक नाही. पण कारण न देता घेतलेल्या निर्णयावर संशय येतोच, आणि तो संशय त्या मुलाच्या घरात अजून आहे.

हा संशय हवेतून येत नाही. मॅसॅच्युसेट्समधलं फॉल रिव्हर शहर बघा. जेझिएल कोरेया २०१५ मध्ये वयाच्या २३ व्या वर्षी तिथे महापौर म्हणून निवडून आला, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं. त्या राज्यात गांजाच्या व्यवसायाला स्थानिक प्रशासनाचं ना हरकत पत्र लागत असे, आणि फॉल रिव्हरमध्ये ते देणं एकट्या महापौराच्या हातात होतं. एक सही, बस. केंद्रीय वकिलांनी न्यायालयात मांडलं की त्या सहीसाठी व्यावसायिकांकडून अडीच लाख डॉलरपर्यंत लाच मागितली गेली. मे २०२१ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मला या प्रकरणात माणसापेक्षा रचना जास्त दोषी वाटते. जिथे एका सहीवर लाखो डॉलरचा धंदा अडतो, निकष लिहिलेले नाहीत आणि निर्णय बंद खोलीत होतो, तिथे आज ना उद्या कुणीतरी हात पुढे करणारच. आपल्याकडच्या ना हरकत दाखल्यांचा अनुभव असलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्याच राज्यात एक सौम्य प्रकारही चालला, आणि तो पूर्ण उजेडात. गाव आणि दुकानदार यांच्यात ‘यजमान करार’ व्हायचा. त्यात दुकानामुळे गावावर जो भार पडेल, त्याच्या भरपाईसाठी विक्रीच्या ३ टक्क्यांपर्यंत शुल्क घ्यायची मुभा होती. कायद्यात लिहिलं होतं की शुल्क प्रत्यक्ष खर्चाशी सुसंगत हवं. अनेक गावांनी खर्च किती झाला हे न मोजता सरळ ३ टक्के घेतले, वर कुठल्यातरी संस्थेला देणगीही मागितली. दुकानदार काय बोलणार, करार केल्याशिवाय दार उघडत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे कायदा बदलला : खर्चाचा हिशेब दाखवा, तेवढंच घ्या, आणि करार राज्याच्या आयोगाकडून तपासून घ्या. देणगीच्या अटी गेल्या. ही सुधारणा इतर राज्यांनी जशीच्या तशी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

मग निवडीची चांगली पद्धत कोणती? ‘आधी येईल त्याला’ ही सगळ्यात सोपी वाटते. लॉस एंजेलिसने सप्टेंबर २०१९ मध्ये १०० दुकानांसाठी तीच ऑनलाइन वापरली. गांजाच्या जुन्या कायद्यांखाली ज्या वस्त्यांतली माणसं सर्वाधिक तुरुंगात गेली, त्यांना प्राधान्य द्यायचं हा हेतू होता, आणि तो फार चांगला हेतू होता. पण खिडकी उघडताच अर्जांचा लोंढा आला. काही अर्जदारांना ठरलेल्या वेळेआधी प्रवेश मिळाल्याचं उघड झालं, चौकशी लागली, खटले झाले. पुढच्या फेरीत, डिसेंबर २०२२ मध्ये, शहराने सोडत काढली. सोडतीत वशिला चालत नाही हे खरं, पण आपल्या म्हाडाच्या सोडतीसारखंच, ज्याचं नाव लागतं त्याच्याकडे दुकान चालवायचं भांडवल असेलच असं नाही. मला स्वतःला गुणपत्रक आवडतं : सुरक्षा, पार्किंग, स्थानिक माणसांना नोकऱ्या, मालकाचा अनुभव, प्रत्येकाला गुण, आणि सगळ्यांचे गुण टाउन हॉलच्या संकेतस्थळावर. त्यातही पक्षपात होऊ शकतो. पण तो निदान दिसतो.

पैसा किती, आणि कुणाचा

‘गावाला कर मिळेल’ हे वाक्य सभेत दहा वेळा ऐकलं, आकडा एकदाही नाही. न्यू जर्सीत दुकानाच्या विक्रीवर गावाला २ टक्क्यांपर्यंत कर लावता येतो, आणि तो थेट गावाच्या तिजोरीत येतो. राज्याचा ६.६२५ टक्के विक्रीकर वेगळा, तो राज्याचा. समजा दुकानाने वर्षाला ५० लाख डॉलरची विक्री केली. गावाच्या वाट्याला आले १ लाख डॉलर. आमच्याकडे एका पोलिसाचा पगार आणि विमा यांत तेवढे जेमतेम जातील. मालमत्ता कर कमी होईल असं कुणी सांगत असेल, तर हा गुणाकार करून दाखवा. लागवड किंवा प्रक्रियेचा मोठा कारखाना आला तर त्यावरही २ टक्के मिळतात, तिथे आकडा बरा होतो. म्हणून काही गावं दुकानाला नको आणि गोदामाला हो म्हणतात.

दुकानदाराची बाजूही बघायला हवी. केंद्रीय करकायद्यात २८०ई नावाचं कलम १९८२ मध्ये आलं. एका अमली पदार्थ विकणाऱ्याला न्यायालयाने धंद्याचे खर्च वजा करू दिले, म्हणून संसदेने चिडून ते घातलं. पहिल्या दोन याद्यांतला पदार्थ विकणाऱ्याला मालाची किंमत सोडून काहीच वजा करता येत नाही. शंभर डॉलरची विक्री, साठचा माल, तीस भाडं-पगार, नफा दहा. इतर दुकानाला २१ टक्क्यांनी कर २ डॉलर १० सेंट. या दुकानाला मात्र चाळीसवर कर, म्हणजे ८ डॉलर ४० सेंट. हातात उरले १ डॉलर ६० सेंट. बहुतेक बँका कर्ज देत नाहीत, क्रेडिट कार्ड चालत नाही. म्हणून हा धंदा छोट्या माणसाच्या हातून सुटून मोठ्या भांडवलाकडे सरकतो, आणि गावाने लावलेला प्रत्येक महिन्याचा उशीर त्याला अजून ढकलतो. गावातल्या मोजक्या लोकांचं लहान दुकान यावं म्हणून राज्याने ‘मायक्रोबिझनेस’ हा प्रकार ठेवला आहे : कमाल १० कर्मचारी, २५०० चौरस फूट जागा, आणि बहुतांश माणसं त्याच किंवा लगतच्या गावातली. मला वाटतं, गावाने दोनपैकी एक जागा यांच्यासाठी राखून ठेवायला काहीच हरकत नाही.

आपल्या माणसांसाठी एक कळकळीची गोष्ट

हे मी जिथे जाईन तिथे सांगते. गावाने हो म्हटलं, राज्याने परवाना दिला, दुकानासमोरून पोलीस अधिकारी चालत गेला, तरी वरच्या मजल्यावरचा केंद्रीय कायदा तुमच्या व्हिसाला लागू आहे. नागरिकत्वाच्या अर्जाबाबत इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट सूचना काढली : राज्यात कायदेशीर असला तरी गांजाशी संबंधित व्यवहार, या धंद्यातली नोकरीसुद्धा, अर्जदाराच्या ‘चांगल्या वर्तणुकी’च्या निकषाआड येऊ शकते. एच-वन-बी वर असलेला भाचा, ग्रीन कार्डवाली सून, उन्हाळी नोकरी शोधणारा विद्यार्थी, यांनी तिथे काम करू नये, पैसे गुंतवू नयेत, आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे सहज बोलण्याच्या ओघात काही कबूल करून बसू नये. भारतात जाताना बॅगेत राहिलेली गांजाची एक गोळीसुद्धा तिथल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. ज्यांचे दुकानगाळे आहेत, त्यांनी भाडेकरार करण्याआधी बँकेच्या कर्जाचे कागद वकिलाला दाखवावेत.

सभेत एका आजोबांनी ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं सांगितलं. त्यांचा आदर ठेवून म्हणते, आपल्या देशात गांजाचं नियमन नवीन नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिशांनी नेमलेल्या आयोगाने देशभर साक्षी घेतल्या आणि पूर्ण बंदीपेक्षा परवाने आणि कर यांचा मार्ग सुचवला. १९८५ पर्यंत काही राज्यांत परवाना असलेली दुकानं होती. भांग तर आजही केंद्रीय व्याख्येच्या बाहेर आहे आणि तिचे नियम राज्यं करतात. गांजा चांगला, असं मी यातून म्हणत नाही. माझ्या घरात तो नको आहे, आणि मुलांना मी तसं सांगितलंय. पण गावात काय यावं हे ठरवताना माझ्या घरातला नियम आणि गावाचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या सभांनी शिकवलं.

आमच्या गावाने शेवटी हो म्हटलं : हायवेच्या पट्ट्यात दोन दुकानं, लागवड नाही. त्यातलं एक सुरू झालंय. काचा आतून झाकलेल्या, दारातच ओळखपत्र तपासणारा माणूस, बाहेर पडणाऱ्याच्या हातात कागदाची बंद पिशवी. शेजारी टायरचं दुकान आणि पलीकडे डोशाचं. शनिवारी संध्याकाळी पार्किंगवरून कुरबूर होते, ती डोशाच्या गर्दीमुळे.

कायद्याने धरलेली ती पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये संपतात, आणि त्यानंतर गावांना पुन्हा १८० दिवसांची खिडकी मिळते. त्यात केलेली बंदी पुढच्या अर्जांना लागू होईल, आधीपासून परवाना घेऊन चालणाऱ्या दुकानाला नाही. म्हणजे तेच प्रश्न पुन्हा विषयपत्रिकेवर येणार : किती, कुठे, कुठून मोजायचं, गुण कोण देणार. आमची सभा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, साडेसातला असते. विषयपत्रिका त्याआधीच्या शुक्रवारी संकेतस्थळावर लागते. काकूंना मी ती मोठ्या अक्षरांत छापून नेऊन देते. मागच्या वेळी त्यांनी पान उलटून विचारलं, “यातलं दुसरं वाचन कुठलं गं? त्यालाच जाऊ.”